गाडी तापली की टॅपेट का वाजतात? आणि वाजायचे बंद झाले तर काळजी का करावी?

सुरत : उधना, लिंबायत किंवा डिंडोलीतल्या कुठल्याही गॅरेजसमोर मे महिन्यात दुपारी अर्धा तास उभं राहा. कोणीतरी भाऊ रिक्षा नाहीतर बाईक घेऊन येतोच आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘मिस्तरी, गरम झाली की टॅपेट वाजताय, जरा टाइट करून द्या.’ मिस्तरी कव्हर उघडतो, स्क्रू थोडा फिरवतो, टिकटिक बंद. दहा मिनिटांचं काम आणि गिऱ्हाईक खूश. पण याच दहा मिनिटांत कधीकधी हेड उतरवायच्या मोठ्या खर्चाचा पाया घातला जातो.

आधी हा आवाज कसला ते पाहू. एंजिनात पेट्रोल-हवा आत घेणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि जळालेला धूर बाहेर सोडणारा दुसरा. गॅरेजच्या बोलीत ‘वॉल’. कॅम फिरतो, रॉकर दाबला जातो, रॉकर व्हॉल्व्हला ढकलतो. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकामध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते. लहान बाईकमध्ये ती साधारण 0.05 ते 0.15 मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढी. ही फट मिटताना रॉकर दांडीवर आपटतो, तीच टिकटिक. कॅम एंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे 1,400 आरपीएमच्या आयडलिंगला एका व्हॉल्व्हचे मिनिटाला 700 ठोके पडतात. थोडी टिकटिक ही एंजिनाची तब्येत बरी असल्याची खूण आहे.

आता उष्णता. बहुतेकांचा समज असा की लोखंड तापून वाढतं, म्हणून फट कमी होते. मग तापल्यावर आवाज कमी व्हायला हवा ना? पण बऱ्याच गाड्यांत उलटं होतं. कारण वाढणारी वस्तू एकटी व्हॉल्व्ह नसते, तिच्या भोवतीचं हेडही वाढतं, आणि ते ॲल्युमिनियमचं असतं. 100 मिलिमीटर लांबीचं पोलाद 100 अंशांनी तापलं तर साधारण 0.12 मिलिमीटर वाढतं. तेवढंच ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट, 0.23 च्या आसपास. हेड वाढलं की कॅम आणि रॉकर वर उचलले जातात, व्हॉल्व्हची दांडी त्या मानाने मागे राहते आणि फट मोठी होते. त्यात तापलेलं ऑइल पातळ होतं, दोन धातूंमधली गादी जाते, आवाज अजून उघडा पडतो.

जिप्सीची परदेशातली बहीण सुझुकी सामुराई. तिच्या 1.3 लिटर एंजिनाला थंड असताना 0.13 ते 0.17 मिलिमीटर फट सांगितलेली आहे आणि गरम असताना 0.23 ते 0.27. जुन्या बुलेटवाल्यांना हे वेगळ्या तऱ्हेने माहीत असतं. तिथे थंड एंजिनात फट जवळजवळ शून्य ठेवतात. पुशरॉड बोटांनी फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. एंजिन तापून उंच झालं की लागणारी फट आपोआप येते. (नंतरच्या यूसीई एंजिनाच्या बुलेटमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आले. तिथे ऑइलचं प्रेशरच फट सांभाळतं, स्क्रू फिरवायचा प्रश्न येत नाही.)

मग गरम गाडीचे टॅपेट टाइट केले तर काय होतं? उष्णतेने वाढलेली फट मिस्तरीने खाऊन टाकली. रात्री गाडी थंड झाली, ॲल्युमिनियम आकसलं आणि आता फट उरलीच नाही. सकाळी व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, किका मारून पाय दुखतो. तापल्यावर सुटका होते असंही नाही. लोड घेऊन चढावर गेलात की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह 700 अंशांच्या घरात जातो, हेडपेक्षा कितीतरी जास्त, आणि अशा वेळी त्याची दांडी खरंच उरलीसुरली फट गिळते. बार्डोली, व्यारा, सोनगड, नवापूरपर्यंत नीट आलेली गाडी कोंडाईबारीच्या घाटात पिकअप सोडते, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये उतरते. तो टेकलाच नाही तर थंड होणार कसा? वरून बारीक फटीतून आगीचा झोत जात राहतो आणि कड जळते. हाच ‘वॉल जळला’.

सुरतच्या रिक्षावाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं, कारण गाडी सीएनजीवर असते. गॅस कोरडा. पेट्रोलची वाफ होताना जो गारवा मिळतो तो त्यात नाही, आणि सीटवर जमून आघात सोसणारा थरही फारसा बसत नाही. सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह आत खचतो, त्याची दांडी वर येते. म्हणजे रॉकर झिजला तर फट वाढते आणि आवाज होतो, सीट झिजली तर फट कमी होते आणि गाडी गुपचूप शांत होत जाते! चालक म्हणतो, ‘एंजिन मक्खन चाललंय.’ कंपनीतूनच सीएनजीवर आलेल्या गाडीत सीट त्या हिशेबाने कडक धातूच्या असतात. पेट्रोल गाडीला मागाहून किट बसवलं असेल तर तपासणी लवकर लवकर करावी.

सुरतच्या उन्हाचा यात वाटा किती? लोक समजतात त्यापेक्षा कमी. हवा 20 अंशांनी जास्त गरम असली तरी 100 मिलिमीटर लांबीवर पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्या वाढीत फरक पडतो 0.02 मिलिमीटरचा. रिंग रोडच्या कापड मार्केटसमोर पार्सलांच्या टेम्पोमागे एंजिन चालू ठेवून उभं राहणं त्यापेक्षा वाईट, कारण हवेवर थंड होणाऱ्या एंजिनाला तिथे वाराच मिळत नाही.

ऊन नडतं ते मोजताना. होंडाच्या पुस्तिका सांगतात की टॅपेट तपासताना एंजिन 35 अंशांच्या खाली हवं. मे महिन्यात सुरतेत दुपारी सावलीतली हवाच त्याच्या वर असते. म्हणून गाडी रात्री गॅरेजवर सोडा, सकाळी सुरू करण्याआधी काम करून घ्या. रिक्षावाल्याच्या सकाळच्या शाळेच्या फेऱ्या बुडतात, ते खरं आहे, पण त्याला इलाज नाही. मिस्तरीला कानाने नाही, फिलर गेजने फट बघायला सांगा. पत्ती किंचित अडकत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पत्ती पुन्हा एकदा घालून बघायची.