तबकडीच्या वेष्टनावरील स्त्री

गाणें हें कानांनीं ऐकावयाचें असतें. परंतु तें विकत घेतांना मनुष्य आधीं डोळ्यांनीं पाहतो. तबकडीचें वेष्टन म्हणजे गाण्याच्या घराचें दार होय. गाणें भक्तीचें किंवा शृंगाराचें असेल, तर हें दार सजविणें फारसें कठीण नसतें. पण गाण्याचा विषय स्त्रीला घरांत होणारी मारहाण, हुंड्यापायीं होणारा छळ, किंवा दारिद्र्यानें झिजलेली माता असा असेल, तर त्या दारावर काय रंगवावें? हा प्रश्न वरवर चित्रकाराचा दिसतो; वस्तुतः तो समाजाच्या विवेकाचा आहे.

प्रथम वेष्टनाचाच थोडा इतिहास पाहिला पाहिजे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचें गाणें मावत असे. मोठी रचना चार-पांच तबकड्यांवर विभागावी लागे, आणि त्या तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या पुठ्ठ्याच्या वहींत घालून विकल्या जात. म्हणूनच त्या संचाला ‘अल्बम’ हें नांव पडलें. हे पुठ्ठे बहुधा साधे, एकरंगी असत. १९४० च्या सुमारास अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीचा तरुण कलायोजक ॲलेक्स स्टाइनवाइस यानें त्यांवर चित्रें काढण्यास आरंभ केला, आणि चित्र पाहून गिऱ्हाईक थांबतें हें व्यापाऱ्यांच्या ध्यानांत आलें. १९४८ मध्यें ३३⅓ फेऱ्यांची लांब वाजणारी तबकडी निघाली. पुढें तिचा बारा इंची आकार रूढ झाला आणि चित्रकाराला बारा इंचांचा चौरस मिळाला. १९८२ मध्यें सी.डी. आली, तेव्हां तो चौरस पांच इंचांच्या आंत आला. आज तो हातांतील फोनवर नखाएवढा दिसतो. चित्राचें क्षेत्र आकसलें; जबाबदारी मात्र आकसली नाहीं.

हिंदुस्थानांत १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित झालें, त्या काळीं वेष्टनावर चित्र नव्हतें. तबकडीच्या मध्यभागीं चिकटविलेल्या गोल कागदावरील अक्षरेंच चित्राचें काम करीत. ‘जान’ किंवा ‘बाई’ हे प्रत्यय गायिकेचा पेशा सुचवीत. आणि पुढें प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया गाऊं लागल्या, तेव्हां कित्येकींच्या नांवाजवळ ‘ॲमॅच्युअर’ हा शब्द छापला जाऊं लागला. ही पोटासाठीं गाणारी नव्हे, एवढें त्या एका शब्दानें ग्राहकास कळे. कलावतीच्या सुरापेक्षां तिच्या कुळाची चौकशी आधीं करणारा समाज त्या टीचभर कागदावरहि आपला चेहरा उमटवून गेला. स्त्रीला आपण कशी पाहतों, हें सांगण्यास मोठें चित्र लागत नाहीं तें असें.

चित्र किती अनर्थ करूं शकतें, याचें ठळक उदाहरण १९७६ सालीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरांत घडलें. रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाचा एक अल्बम त्या वर्षीं प्रसिद्ध झाला. त्याच्या इंग्रजी नांवाचा अर्थ ‘काळें आणि निळें’. आणि मार बसून अंग काळेंनिळें होणें हा अर्थ जसा मराठींत, तसाच इंग्रजींतहि आहे. सनसेट बुलेव्हार्ड या रहदारीच्या रस्त्यावर त्या अल्बमची भली मोठी जाहिरात लागली. तींत दोरांनीं बांधलेली, अंगावर वळ उठलेली एक स्त्री दाखविली होती, आणि हा मार आपणांस आवडतो अशा अर्थाचे शब्द तिच्या तोंडीं घातले होते.

येथें दोष नेमका कोठें आहे? मारहाण दाखविली हा दोष नव्हे. मारहाण ही जगांत आहे आणि ती दाखवावी लागते. दोष असा, कीं मार खाणारीस मार गोड लागतो हें जुनें असत्य त्या चित्रानें पुन्हां सांगितलें, आणि तें तिच्याच तोंडून वदविलें. ज्या घरांत रोज असा मार खाल्ला जातो, त्या घरांतील स्त्री तोच फलक पाहून काय समजेल? आपली व्यथा हा विक्रीचा माल आहे, एवढेंच.

‘विमेन अगेन्स्ट व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन’ या संघटनेच्या स्त्रियांनीं निषेध केला आणि तो फलक खालीं उतरवावा लागला. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहींत. दुकानांतील वेष्टनें त्यांनीं तपासलीं, त्यांच्या पारदर्शिका करून त्या ठिकठिकाणीं पडद्यावर दाखविल्या, आणि १९७६ च्या अखेरीस वॉर्नर उद्योगसमूहाच्या तीन ध्वनिमुद्रण कंपन्यांवर बहिष्कार पुकारला. त्यांनीं सरकारजवळ बंदी मागितली नाहीं. विकणाऱ्यानें आपली जबाबदारी ओळखावी, इतकीच त्यांची मागणी होती. १९७९ च्या नोव्हेंबरांत त्या उद्योगसमूहानें स्त्रियांवरील हिंसेचीं चित्रें वेष्टनांवर टाळण्याचें धोरण जाहीर केलें. सुमारें तीन वर्षें लागलीं. पण ग्राहकाच्या खिशांत किती बळ असतें, हें दिसून आलें.

आतां उलट बाजू पाहावी. कॅटे कोलव्हित्स या जर्मन चित्रकर्त्रीचा पति बर्लिनच्या कामकरी वस्तींत डॉक्टर होता, आणि त्याच्याकडे येणाऱ्या स्त्रिया ती रोज पाहत असे. १९०६ सालीं घरीं बसून मजुरी करणाऱ्यांच्या स्थितीविषयीं बर्लिनमध्यें भरलेल्या प्रदर्शनासाठीं तिनें एक भित्तिपत्रक काढलें. त्यांत रक्त नाहीं, वळ नाहीं. आहे तो केवळ एका थकलेल्या बाईचा चेहरा. पण तें चित्र झांकल्याखेरीज प्रदर्शनास येणार नाहीं, असा हट्ट जर्मन सम्राज्ञीनें धरला. चेहऱ्यांत खरेपणा असेल, तर नुसता थकवासुद्धां सिंहासनाला अस्वस्थ करतो.

परंतु खरा चेहरा वापरणें यांतहि एक धोका आहे. १९३६ च्या मार्च महिन्यांत कॅलिफोर्नियांतील निपोमो येथें डोरोथिया लँग हिनें शेतमजुरांच्या तळावर एका बत्तीस वर्षांच्या मातेचें छायाचित्र घेतलें. ‘स्थलांतरित माता’ या नांवानें तें जगभर गाजलें. त्या बाईचें नांव मात्र छायाचित्रकर्त्रीनें विचारलेंसुद्धां नव्हतें. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन होती, हें लोकांस कळावयास १९७८ साल उजाडलें. आणि त्या चित्रापासून आपणांस एक पैहि मिळाली नाहीं, याची तिला खंत होती. चित्र दारिद्र्याविरुद्ध होतें, हेतु शुद्ध होता. तरी जिचें दुःख, तिलाच विचारावयाचें राहून गेलें. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशी स्थिति चांगल्या कामांतहि होऊं शकते ती अशी.

आपल्या देशांत २००० सालीं ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेनें ‘मन के मंजीरे’ हा स्त्रियांच्या स्वप्नांवरील अल्बम काढला. गीतें प्रसून जोशी यांचीं, संगीत शंतनु मोइत्रा यांचें आणि स्वर शुभा मुद्गल यांचा. त्याच्या चित्रफितींत मीता वसिष्ठ ही अभिनेत्री ट्रक चालवितांना दिसते. घरांतील छळ सोडून बाहेर पडलेल्या आणि वाहन चालवून पोट भरणाऱ्या एका खऱ्या स्त्रीच्या जीवनावरून ही कल्पना सुचली होती. मारहाणीचा विषय टाळलेला नाहीं. परंतु प्रेक्षकाच्या मनांत जी आकृति उरते, ती कोपऱ्यांत अंग चोरून बसलेलीची नसून चाक हातीं धरलेलीची असते. ही चित्रफीत आहे, वेष्टन नव्हे. तरी वेष्टन करणाऱ्यास तींत मोठा धडा आहे.

या उदाहरणांवरून कांहीं नियम सहज निघतात. पहिला, स्त्री चित्रांत पाहत आहे कीं केवळ पाहिली जात आहे, हें ठरवावें. डोळे झांकलेली, तोंड कापलेली, नुसत्या देहाची आकृति माणसाची वस्तु करते. दुसरा, जखमेपेक्षां जखमेचें कारण किंवा तिच्यावरची मात दाखवावी. रिकामी चूल, बंद दार, हातांतील कुलूप यांसारखी साधी वस्तूहि पुष्कळ बोलते. तिसरा, मूळ चित्र कितीहि मोठें असलें, तरी तें नखाएवढें करून पाहावें. तेव्हांहि एक आकृति आणि एक शब्द स्पष्ट राहिला, तरच रचना साधली. चौथा, चित्र व शब्द एकमेकांशीं ताडून पाहावे. सोज्ज्वळ चित्राला एक उथळ ओळ नासवूं शकते. पांचवा आणि सर्वांत महत्त्वाचा, ज्या स्त्रियांविषयीं चित्र आहे त्यांच्यापैकीं चौघींना तें छापण्यापूर्वीं दाखवावें, आणि त्या नको म्हणतील तर मुकाट्यानें नवा कागद घ्यावा.

कायद्याचीहि येथें सीमा आहे. स्त्रियांचें असभ्य चित्रण करण्यास १९८६ च्या कायद्यानें मनाई केली आहे. बलात्कारास बळी पडलेल्या स्त्रीची ओळख उघड करणें हा १९८३ पासून गुन्हा असून, १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमानें तो तसाच ठेवला आहे. तेव्हां सहानुभूतीच्या भरांतहि अशा स्त्रीचें नांव वा मुखवटा वेष्टनावर येतां कामा नये.

पण कायदा फार तर वाईट चित्र अडवील. चांगलें चित्र काढून घेण्याची शक्ति त्याच्यांत नाहीं. ती चित्रकाराच्या दृष्टींत आणि घेणाऱ्याच्या अभिरुचींत असते. घरांत गाणीं कोणतीं यावीं, याची निवड कुटुंबांत जाणीवपूर्वक होते. त्या गाण्यांबरोबर स्त्रीची कोणती प्रतिमा घरांत येते, याचीहि तितकीच चौकशी झाली पाहिजे. कारण गाणें संपतें, वेष्टन मात्र कपाटांत राहतें, आणि घरांतील मुलें तें रोज पाहत असतात.