लाटेवरची रोजी : मुद्दल राखा, नफा घ्या

गडमुडशिंगीहून समुद्र दूर. घाट उतरल्याशिवाय खाऱ्या वाऱ्याची गाठ नाही. तरीही किनाऱ्यावर वाढत असलेला एक धंदा आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेण्याजोगा आहे.

सर्फिंग म्हणजे लांब फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येण्याचा खेळ. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर कोवलम हे मच्छीमारांचे गाव आहे. हजरत तमीम अन्सारी यांच्या दर्ग्यामुळे काही वाचकांना ते ठाऊक असेल. तेथील मूर्ती मेगवन या मच्छीमार तरुणाने हा खेळ आत्मसात करून गावच्या मुलांना शिकवला. पुढे उद्योजक अरुण वासू यांच्या पाठबळाने सर्फिंगची शाळा उभी राहिली. मासळीच्या जोडीला शिकवणीची कमाई आली. कचऱ्याच्या वाळूवर गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणून किनारा साफ ठेवणे हाही धंद्याचाच भाग झाला. २०२१ मध्ये कोवलमच्या किनाऱ्याला 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले.

आपल्या कोकणातही हाच हिशेब दिसतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ पासून कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. आज पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी पाहुणे येतात आणि गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. मालवणचा समुद्र १९८७ मध्ये अभयारण्य जाहीर झाला. तेथे पाण्याखालची प्रवाळे दाखवून स्थानिक तरुण रोजी कमावतात.

व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर स्वच्छ किनारा, मासळी, कासव ही मुद्दल. पाहुण्याचा पैसा हा नफा. मुद्दल खाणाऱ्याचा धंदा टिकत नाही. शिवाय शिकवणारा, खोली देणारा आणि जेवण रांधणारा गावचाच असेल, तरच कमाई गावात राहते. बाहेरच्या भांडवलदाराने सारे गिळले, तर कोळ्याने किनारा कोणासाठी राखावा? अल्लाहने दिलेली ही अमानत आहे. तिच्यात कसूर केली, तर रोजीतली बरकत जाते.

यात आपला वाटा कोणता? गडमुडशिंगीला लागूनच गांधीनगरची कापडपेठ आहे. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. किनाऱ्यावरील दुकाने व घरगुती निवासांना कापडी पिशव्या, चादरी, पंचे लागतात. सर्फिंगच्या फळ्यांना जाड कापडाच्या खोळी लागतात. हे काम आपला शिलाई कारागीर करू शकतो. तुटलेली फळी फायबरचे कापड व रेझिन लावून दुरुस्त होते. फायबरकाम जाणणाऱ्यास ते अवघड नाही.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. पावसाळ्यात कोकणातील जलक्रीडा बंद असतात. म्हणून माल दिवाळीपूर्वी पोचवावा आणि उधारी मे महिना संपण्याआधी वसूल करावी. पहिली खेप लहान ठेवावी. गिऱ्हाईक पारखल्यावरच हात सैल सोडावा.