क्रम नको, नांव सांगा

छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर हार्बर मार्गाच्या गाडींत बसलेल्या पाहुण्यास ‘चौथ्या स्थानकावर उतरा’ असें सांगितलें, तर मशीद, सँडहर्स्ट रोड व डॉकयार्ड रोड हीं स्थानकें मागें टाकून तो रे रोडला उतरेल आणि थोडें चालून आमच्या घोडपदेवांत येईल. तोच पाहुणा वडाळ्याहून निघाला आणि त्यानें चौथेंच स्थानक मोजलें, तर शिवडी, कॉटन ग्रीन आणि रे रोड ओलांडून तो डॉकयार्ड रोडला उतरेल! स्थानक जागचें हललेलें नाहीं. मोजणी कोठून केली एवढाच काय तो फरक. म्हणून शहाणा यजमान पाहुण्यास क्रम सांगत नाहीं, नांव सांगतो. हा साधा व्यवहार संगणकाच्या बाबतींत आम्ही विसरलों, आणि त्याची भरपाई पैशानें होण्यासारखी नव्हती.

आमचें कुटुंब एकत्र. संगणक एक आणि वापरणारीं माणसें सात. त्यांत लिनक्स ही प्रणाली असून सारख्याच आकाराच्या दोन डिस्का बसविलेल्या. एकींत मुलांचे खेळ व चित्रपट. दुसरींत घरचीं छायाचित्रें आणि तीर्थरूपांनीं दोन पावसाळे खपून टंकलिखित केलेल्या आपल्या आठवणी. दोहोंनाही आम्हीं नांव दिलेलें नव्हतें. त्यामुळें फाइल मॅनेजरच्या डाव्या यादींत ‘250 जीबी व्हॉल्यूम’ अशा अक्षरशः एकसारख्या दोन ओळी दिसत. ‘वरची मुलांची, खालची दादांची’ हा घरांतला संकेत. एके दिवशीं पुतण्यानें दूरध्वनीवरून विचारलें, “काका, वरची पुसून टाकूं ना?” आम्हीं ‘हो’ म्हटलें. त्या दिवशीं वरची ती खालीं आणि खालची ती वर आलेली होती. छायाचित्रांपैकीं बरींच नातेवाइकांकडून परत मिळालीं. आठवणी मात्र गेल्या. दादा पुतण्यावर रागावले नाहींत. “पुन्हां लिहीन,” एवढेंच म्हणाले. त्यांचें वय तेव्हां ब्याऐंशी होतें.

हें झालें कसें? पुतण्याची चूक, असें प्रथम आम्हांस वाटलें. पण शोध घेतां दोष संकेताचा ठरला. पूर्वीं आयडीई पद्धतीच्या डिस्का तारेच्या ज्या जोडावर बसविलेल्या असत, त्यावरून लिनक्स त्यांना एचडीए, एचडीबी अशीं नांवें देई. जागा तीच राहिली तर नांवही तेंच राही. हल्लींच्या सॅटा व यूएसबी डिस्कांना एसडीए, एसडीबी हीं नांवें त्या ज्या क्रमानें सांपडतील त्या क्रमानें मिळतात. पंगतींत जो आधीं आला तो पहिल्या पाटावर बसला, तसाच हा प्रकार. एखादी डिस्क जागी होण्यास क्षणभर उशीर झाला, किंवा संगणक सुरू करतांना एखादी बाहेरची डिस्क जोडलेली राहिली, कीं पाट बदलले.

ही नोंद पुढें युडिस्क्स नांवाच्या सेवेकडून फाइल मॅनेजरपर्यंत जाते. आरंभींच हजर असलेल्या डिस्का ती आधीं मांडते, आणि मागाहून जोडलेल्या त्यांच्या आगमनाच्या वेळेप्रमाणें. त्यावर प्रत्येक फाइल मॅनेजरची स्वतःची तऱ्हा निराळी. तेव्हां एकाच घरांतल्या दोन संगणकांवर यादी निराळी दिसली तर नवल मानूं नये.

एका डिस्केच्या पोटांतील विभागांचे अंकही असेच फसवे असतात. जुन्या एमबीआर पद्धतींत मुख्य विभाग चारच. त्यामुळें आंतले दुय्यम विभाग नेहमीं 5 पासून मोजले जातात, मग मुख्य विभाग दोनच कां असेनात. त्यांतील पांचवा काढून टाकला, तर सहावा हा आपोआप पांचवा होतो! नव्या जीपीटी पद्धतींत असें सरकणें नाहीं. पण मधला विभाग काढून डिस्केच्या टोंकाला नवा केला, तर त्याला बहुधा तो रिकामा अंकच मिळतो. अर्थात् अंकाचा क्रम एक आणि जागेचा क्रम दुसरा.

उपाय सोपा आहे. प्रत्येक विभागास नांव द्यावें. लिनक्सच्या ‘डिस्क्स’ या साधनांतून तें दोन मिनिटांत देतां येतें. मात्र एक गंमत ध्यानांत असूं द्यावी. लिनक्सच्या नेहमींच्या एक्स्ट-4 पद्धतींत नांवाला 16 बाइटच मिळतात, आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हास व मात्रेस तीन बाइट लागतात. म्हणून ‘आजोबा’ हें नांव 15 बाइटांत मावतें. ‘घोडपदेव’ 21 होऊन मावत नाहीं! नांव सुटसुटीत असावें तें यासाठीं.

परंतु नांवही माणसानेंच दिलेलें. तें बदलूं शकतें. आमच्या शेजारच्या डॉकयार्ड रोड स्थानकास ‘माझगांव’ म्हणावें असा ठराव महाराष्ट्र विधिमंडळानें 2024 सालीं संमत केलाच आहे. यासाठीं एक्स्ट-4 पद्धतींत प्रत्येक विभागास जन्मतःच यूयूआयडी नांवाची 32 अंकाक्षरांची एक खूण मिळते. क्रम बदलो, नांव बदलो, विभाग पुसून नव्यानें मांडीपर्यंत ती तीच राहते. संगणक सुरू होतांना कोणता विभाग कोठें जोडावा हें एफएसटॅब या फायलींत लिहावयाचें तें याच खुणेनें लिहावें. डिस्केची हुबेहूब नक्कल केल्यास खूणही तीच उतरते, एवढें मात्र विसरूं नये.

आमच्या संगणकावर आतां ‘आजोबा’ आणि ‘खेळ’ अशीं दोन नांवें दिसतात. कोणींही ‘वरची’ किंवा ‘खालची’ म्हणावयाचें नाहीं, पुसण्यापूर्वीं विभाग उघडून आंत काय आहे तें पाहावयाचें, आणि महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत निराळ्या डिस्केवर ठेवावयाची, असा घरांत नियम केला आहे. दादांनीं आठवणी पुन्हां लिहावयास घेतल्या, त्या यावेळीं वहींत. सौभाग्यवती रोज रात्रीं त्या संगणकावर उतरून घेते. पहिल्या लेखनांतील कांहीं प्रसंग त्यांना आतां आठवत नाहींत. आमच्या वाचकांनीं हा लेख बाजूस ठेवण्यापूर्वीं आपल्या घरच्या यादींत बिननांवाच्या सारख्या ओळी आहेत काय, एवढें आजच पाहावें.