लोटीतलं तांबं

अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या गाठींत तांबं सापडतं हे वाचल्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न आहे आणि तो थांबवून ठेवण्यासारखा नाही. नाशिकच्या एका ताईंनी तो नेमका मांडलाय : ‘‘आईला अलीकडे विसरायला होतं. रात्री तांब्याच्या लोटीत पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी अनशापोटी प्यायचं, ही तिची वर्षानुवर्षांची सवय. लोटी काढून घेऊ का?’’

उत्तराची सुरुवात सशांपासून करावी लागेल. अ‍ॅरिझोनातल्या सन सिटीत संशोधक लॅरी स्पार्क्स सशांना कोलेस्टेरॉल घातलेलं खाद्य देत आणि त्यांच्या मेंदूत अमायलॉइड कसं साठतं ते पाहत. खाद्य तेच असूनही नळाचं पाणी पिणाऱ्या सशांत ते जास्त साठे, ऊर्ध्वपातित पाणी पिणाऱ्यांत कमी. संशय तांब्यावर गेला. मग स्पार्क्स आणि बर्नार्ड श्रूअर्स यांनी ऊर्ध्वपातित पाण्यात मुद्दाम लिटरमागे ०.१२ मिलिग्रॅम तांबं मिसळलं. गाठी वाढल्या आणि सशांना नवं काही शिकणं जड जाऊ लागलं. निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी तांब्याची मर्यादा लिटरला १.३ मिलिग्रॅम आहे. सशांना मिळालं ते त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

आता लोटीकडे या. बंगळुरूच्या संशोधकांनी जुलाबाचे जंतू मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं. जंतू मेले. २०१२ साली छापलेल्या त्या निबंधात पाण्यात उतरलेलं तांबं लिटरला साधारण ०.१८ मिलिग्रॅम भरलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २ मिलिग्रॅमच्या मर्यादेपुढे ते किरकोळ, पण सशांच्या पाण्याच्या दीडपट! हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणाच्याही पोटात गोळा येईल.

मात्र सशांच्या खाद्यात कोलेस्टेरॉल होतं, हे विसरून चालणार नाही. शिकागोत मार्था क्लेअर मॉरिस यांनी ६५ वर्षांपुढच्या हजारो लोकांचा आहार आणि स्मरणशक्ती वर्षानुवर्षं नोंदवली. २००६ साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत जास्त तांबं पोटात जाणाऱ्यांची बुद्धी भराभर मंदावलेली दिसली, पण फक्त संपृक्त आणि ट्रान्स फॅट भरपूर खाणाऱ्यांत. बेताची चरबी खाणाऱ्यांत तांब्याचा तसा संबंध आढळला नाही. तांबं कशाच्या सोबतीनं आणि कुणाच्या शरीरात शिरतं, यावर सारं अवलंबून दिसतं.

इथे पुण्याची गोष्ट सांगायलाच हवी. तिचा अल्झायमरशी थेट संबंध नाही, पण तांब्याचा हा स्वभाव तिच्याइतका लख्ख मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही. एके काळी आपल्याकडे तान्ह्या, रांगत्या मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार होई. पोट फुगे, यकृत दगडासारखं लागे आणि बहुतेक मुलं दगावत. यकृताच्या कापावर ऑर्सिन हा रंग टाकला की सूक्ष्मदर्शकाखाली तांब्याचे गडद तपकिरी कण पेशीपेशीत दिसत. केईएम रुग्णालयातले आनंद पंडित आणि शीला भावे यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत १९८० च्या दशकात या मुलांच्या घरचं स्वयंपाकघर तपासलं. आईच्या दुधाऐवजी लवकर वरचं दूध सुरू झालेलं आणि ते पितळेच्या, तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, तिथेच ठेवलेलं. दुधातलं केसीन तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे कल्हई नसलेल्या पितळेतून दूध ते भराभर ओढून घेतं. तान्ह्या बाळाचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकायला अजून पुरेसं तयार नसतं. भांडी बदलली आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. त्याच घरातली मोठी माणसं त्याच भांड्यांत जेवत होती, पण त्यांना काही झालं नाही.

जर्मनीत तर सौम्य अल्झायमरच्या रुग्णांना वर्षभर रोज ८ मिलिग्रॅम तांबं देऊन पाहिलं गेलं, कारण अशा रुग्णांच्या मेंदूत एकूण तांबं कमीच भरतं, असाही एक धागा आहे. २००८ च्या त्या अहवालात रुग्णांची बुद्धी सुधारली नाही, पण तांब्यामुळे जास्त ढासळलीही नाही. लोटीभर पाण्यातून मिळणारं तांबं या मात्रेपुढे फारच थोडं.

तेव्हा ताई, लोटी राहू द्या. तिच्यात साधं पाणीच भरा. लिंबूपाणी, ताक, सरबत नको. आंबट पदार्थ तांब्यात कळकतात आणि मग तांब्याचं प्रमाण कुठल्या कुठे जातं. घरात कुणाला विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबं साठत जाण्याचा विकार, असेल, तर मात्र तांब्याचं भांडं वर्ज्य. मल्टिव्हिटॅमिनची गोळी चालू असेल, तर तिच्यात तांबं किती आहे ते वाचा आणि तिची खरंच गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. तळलेलं आणि वनस्पती तूप कमी करा.

आणि आईचं विसरणं वयावर ढकलू नका. याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. या दोन्हींच्या कमतरतेतही माणूस विसरू लागतो आणि ती वेळेवर कळली, तर औषधानं भरून काढता येते.