शालेय नाट्यप्रयोगातील नेपथ्य व वेषभूषा

वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आले की प्राथमिक शाळेत नाट्यप्रयोगाची तयारी सुरू होते. अशा वेळी पात्रांची निवड करताना एक चूक नकळत घडते. ज्याच्या घरी जरीचा शेला असेल तो राजा होतो, आणि जिच्या घरी रेशमी लुगडे असेल ती नायिका होते. स्पष्ट वाणीची व उत्तम पाठांतराची, परंतु गरीब घरची मुलगी मागे राहते. कित्येकदा ती आपले नावच देत नाही. नाट्यप्रयोगाचा शैक्षणिक हेतू येथेच ढळतो. यास्तव नेपथ्य व वेषभूषा यांची योजना शिक्षकांनी आधीच आखणे अगत्याचे आहे. ती कशी आखावी, हे कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ ह्या सात अंकी नाटकाच्या आधारे पाहता येईल.

प्राचीन रंगभूमीचा दाखला

संगीत नाटकांच्या काळात रंगविलेले पडदे व भरजरी पोषाख यांचा आपल्याकडे मोठा बोलबाला झाला, आणि त्यांवाचून नाटक होत नाही असा समज रूढ झाला. प्राचीन रंगभूमीची रीत मात्र वेगळी होती. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. वेष, अलंकार व रंगभूषा ही आहार्य अभिनयात मोडतात. म्हणजे वेष हीदेखील बोलण्याचीच एक रीत होय. ते श्रीमंतीचे प्रदर्शन नव्हे. जड अलंकारांनी नट थकतो, म्हणून ते हलक्या वस्तूंचे करावेत, असेही त्या ग्रंथात सुचविले आहे. स्थळ बदलले हे दाखविण्यास पात्राने रंगमंचावर एक फेरी घालावी, एवढे पुरे होई. ‘शाकुंतला’च्या आरंभी दुष्यंत रथातून हरिणाचा पाठलाग करतो, परंतु रथाचा वेग नटाने अभिनयाने दाखवावयाचा असतो.

संहितेवरून तक्ता करणे

योजनेची पहिली पायरी म्हणजे संहितेचे वाचन. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह नाटक वाचावे आणि फळ्यावर चार रकाने आखावेत : प्रवेश, पात्र, वेष, वस्तू. संवादांत वा सूचनांत ज्याचा उल्लेख आहे तेवढेच त्यांत भरावे. असे केल्यास कवीने वेषातूनच कथा कशी सांगितली आहे, हे मुलांच्या ध्यानी येईल.

पहिल्या अंकात राजा आश्रमात शिरण्यापूर्वी आपले अलंकार व धनुष्य सारथ्याच्या हाती देतो. शकुंतला वल्कले नेसून झाडांना पाणी घालते. चौथ्या अंकात सासरी निघालेल्या शकुंतलेला वृक्षांकडून शुभ्र वस्त्र, पायांस लावावयाचा लाक्षारस आणि अलंकार मिळतात. सहाव्या अंकात पश्चात्तापाने पोळलेल्या राजाच्या डाव्या हातात सोन्याचे एकच कडे उरते. सातव्या अंकात शकुंतला मळकट वस्त्रांत, एकवेणी अशी समोर येते. वल्कल, शुभ्र वस्त्र आणि मळकट वस्त्र ह्या तीन वेषांत तिचे सारे आयुष्य सामावले आहे. तीन वेळा रेशमी लुगडे बदलून हा अर्थ साधणार नाही.

स्थळाची मांडणी

शालेय प्रयोगासाठी तीन प्रवेश पुरेसे होतात : चौथ्या अंकातील पाठवणी, सहाव्या अंकाच्या आरंभीचा कोळी व शिपाई यांचा प्रवेश, आणि सातव्या अंकातील बाल सर्वदमनाचा, म्हणजेच भरताचा प्रवेश. शाळेचा ओटा हाच रंगमंच समजावा. मागे एकरंगी चादर किंवा जाजम ताणून बांधावे. आश्रमासाठी एका बाजूस कुंडीत रोवलेले आंब्याचे टहाळे व दोन कळशा ठेवाव्यात. कोळ्याच्या प्रवेशास खांद्यावरचे जाळे व शिपायांच्या काठ्या एवढ्यानेच रस्ता उभा राहतो. अंगठी दूरच्या प्रेक्षकास दिसत नाही. म्हणून शिपायाने ती हात उंच धरून न्याहाळावी. सातव्या अंकातील रंगविलेला मातीचा मोर विद्यार्थ्यांनीच हस्तव्यवसायाच्या तासाला घडवावा. सिंहाच्या छाव्यासाठी कागदाच्या लगद्याचा मुखवटा करून एका लहान मुलास घालावयास द्यावा.

वेष तयार करणे

वल्कलासाठी बाभळीची साल पाण्यात उकळावी व त्या पाण्यात जुने धोतर बुडवून वाळवावे. त्यास तपकिरी छटा येते. पाठवणीसाठी स्वच्छ धुतलेले पांढरे लुगडे व फुलांच्या माळा पुरेत. सातव्या अंकासाठी जुने, विटलेले लुगडे घ्यावे. राजाचे कडे, बाजूबंद व मुकुट पुठ्ठ्याचे कापून त्यांवर बेगड चिकटवावी. कोणताही वेष तयार झाल्यावर शिक्षकांनी शेवटच्या रांगेत बसून तो पाहावा. तेथून जे दिसत नाही, त्यावर श्रम वा पैसा खर्चू नये. प्रयोगापूर्वी निदान दोन तालमी पूर्ण वेषात घ्याव्यात. लुगड्यात पाय अडकणे किंवा मुकुट घसरणे ह्या अडचणी तेव्हाच कळतात.

दोन नियम

पहिला नियम असा की, पात्रांची निवड आधी व वेषाचा विचार नंतर व्हावा. निवड केवळ वाचन व अभिनय पाहून करावी आणि ती जाहीर झाल्यावर वेषाच्या कारणाने बदलू नये. दुसरा नियम असा की, वेष शाळेचा असावा. पालकांकडे ठराविक वस्त्र मागू नये. गावातून जुनी वस्त्रे सरसकट गोळा करावीत, ती धुऊन, दुरुस्त करून एका पेटीत ठेवावीत व त्यांची यादी नोंदवहीत करावी. कोणाच्या घरून काय आले हे मुलांसमोर बोलू नये. ही पेटी पुढील वर्षीही उपयोगी पडते.

चौथ्या अंकात ह्या विषयास साजेसा एक प्रसंग आहे. शकुंतलेच्या मैत्रिणींसमोर अलंकार येतात, तेव्हा त्या सांगतात की, आपण कधी दागिने वापरलेले नाहीत; चित्रांत पाहिले आहेत, त्यावरून तुला सजवू. आणि त्या तिला सजवितात. आपल्या शाळांतील अनेक मुलींची स्थिती ह्याहून निराळी नाही. त्यांच्याही हाती ते काम विश्वासाने सोपवावे, आणि त्यांच्यापैकी जी योग्य असेल तिला शकुंतला करावे.