जळालेल्या तेलाचा हिशेब कुणाच्या नावावर?

एक पिंप कच्चं तेल म्हणजे १५९ लिटर, वजनाने साधारण १३५ किलो. त्यातला सुमारे ८५ टक्के भाग कार्बन. १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे एका पिंपामागे ४२० किलोच्या आसपास. बारावीच्या रसायनशास्त्रात बसणारं गणित आहे. पण हे ४२० किलो कुणाच्या नावावर मांडायचे, तेल काढणाऱ्याच्या की गाडी चालवणाऱ्याच्या? हा वाद आता युरोपातल्या न्यायालयांत पोचला आहे.

विकलेला माल ग्राहकाने जाळल्यावर जे उत्सर्जन होतं, त्याला हिशेबाच्या भाषेत 'स्कोप ३' म्हणतात. तेल कंपनीच्या एकूण उत्सर्जनात सिंहाचा वाटा याचाच.

मिल्यूदेफेन्सी या पर्यावरणवादी संस्थेच्या दाव्यात (नेदरलँड्समधले वाचक उच्चार दुरुस्त करतीलच) मे २०२१ मध्ये हेगच्या जिल्हा न्यायालयाने शेलला आदेश दिला: २०१९ च्या तुलनेत निव्वळ उत्सर्जन २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करा, आणि त्यात स्कोप ३ सुद्धा धरा. शेलने अपील केलं. त्याच वर्षी कंपनीने टेक्ससमधलं पर्मियन खोऱ्यातलं काम कोनोकोफिलिप्सला ९५० कोटी डॉलरना विकायला काढलं आणि मुख्यालय लंडनला हलवायचं जाहीर केलं. मुख्यालयामागचं कारण त्यांनी शेअर आणि कररचनेची सुटसुटीतता असं दिलं. पर्मियनचं मात्र बघा: विहिरी तिथेच, तेलही तेच. शेलची वही हलकी झाली, वातावरणाला काहीच फरक पडला नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ४५ टक्क्यांचा आदेश रद्द केला. उत्सर्जन घटवण्याची जबाबदारी शेलवर आहे, पण नेमका आकडा आम्ही ठरवू शकत नाही. आणि शेलने विकायचं थांबवलं तर दुसरं कुणीतरी विकेल, असा एकंदर सूर. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. दुकानदार बदलला तर गिऱ्हाईक तेवढंच तेल घेईल, हे खरं. नवी विहीरच खणली नाही तर तसं म्हणता येत नाही. निकालातही नव्या तेल-वायूसाठ्यांतली गुंतवणूक या जबाबदारीशी विसंगत ठरू शकते, असं म्हटलं आहेच.

ब्रिटनमध्ये नेमका या नव्या विहिरींचाच प्रश्न आला. गॅटविक विमानतळाजवळ हॉर्स हिल इथे वीस वर्षांत सुमारे ३३ लाख टन तेल काढायचं होतं. पर्यावरण अहवालात फक्त जागेवरचं उत्सर्जन मोजलं होतं, सुमारे १ लाख ४० हजार टन. तेल जाळल्यावरचं? १ कोटी टनांहून जास्त, म्हणजे सत्तरपटीहून अधिक. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी सांगितलं: तेल काढलं की ते जळणारच, तेव्हा तेही मोजायला हवं.

त्या निकालाच्या आधारे जानेवारी २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या कोर्ट ऑफ सेशनने इक्विनॉरच्या रोझबँक आणि शेलच्या जॅकडॉ या समुद्रातल्या दोन साठ्यांची मंजुरी बेकायदा ठरवली. ४५ टक्क्यांचं लक्ष्य कंपनीला तीन वर्षं अपिलात लढवता आलं. इथे मात्र कोट्यवधी पौंड आधीच समुद्रात ओतले होते. बांधकाम चालू ठेवायला न्यायालयाने मुभा दिली. पण तेल-वायू बाहेर काढायचा तर आधी जळणाचा पूर्ण हिशेब मांडायचा आणि नव्याने मंजुरी मिळवायची.