पाला पेटवायच्या आधी

बेळगाव-निपाणी भागात उन्हाळा तोंडावर आला की परड्यात पाला साचतो आणि रानात पाचट. आता हे आवरायला ब्लोअरपासून मिनी ट्रॅक्टरपर्यंत यंत्रं मिळतात. त्यांतलं कोणतं, कधी आणि कशासाठी वापरावं?

शिमग्याच्या सुमारास बेळगावच्या कॅम्प भागात सकाळी फिरायला निघालं की पायाखाली पाला चुरचुरतो. पिंपळाची पानगळ ऐन भरात असते, बंगल्यांच्या आवारात आंब्या-फणसाची जाड पानं पसरलेली असतात. थोडं पुढं गेलं की खराट्याचा आवाज येतो आणि त्यामागून धुराचा वास. त्याच दिवसांत निपाणीकडं, वेदगंगेच्या काठानं, ऊस तुटून गेलेल्या रानांत पाचट पेटलेलं दिसतं. परड्यातला धूर लहान, रानातला मोठा. पण दोन्हीमागची समजूत एकच. गळालेलं पान म्हणजे कचरा, आणि काडी लावली की तो संपतो.

निपाणीनं तरी पानाला कचरा म्हणू नये. तंबाखूच्या पानावर या गावाचा बाजार उभा राहिला. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली त्याच पानाच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले, आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांतल्या काहींनी जीव गमावला. ज्या मातीनं पानाची किंमत इतकी मोजली, तिथं उसाचं पान आणि आंब्याचं पान फुकट जाळलं जावं, याचं वाईट वाटतं.

जाळण्यामागं आळस आहे असंही नाही. तुटलेल्या उसाच्या रानात गुडघाभर पाचट असतं, ते हातानं आवरायला माणूस मिळत नाही. परड्यातला पाला रोज झाडला तरी रोज पडतो. खानापूर-चंदगडच्या भातपट्ट्यात तर रोपांच्या जागेवर पाला-टहाळ पसरून राब भाजायची जुनी पद्धत आहे; त्यानं तणाचं बी मरतं, हे तिथल्या शेतकऱ्यांना अनुभवानं ठाऊक आहे. अडचण खरी होती, म्हणून काडी लागली. ती अडचण आता यंत्रानं सुटू शकते. मात्र यंत्र पाला नाहीसा करण्यासाठी नव्हे, तर मातीपर्यंत पोचवण्यासाठी घ्यायचं, हे आधी मनाशी पक्कं हवं.

वळवाच्या आधीचे दिवस

आपल्याकडं पाल्याच्या कामाला मोजकेच दिवस मिळतात. फेब्रुवारीपासून पानगळ वाढते, आणि एप्रिल-मेमध्ये वळीव कोसळला की साचलेला पाला भिजून गच्च होतो. भिजलेला पाला यंत्रात अडकतो, कौलांच्या पन्हळीत कुजतो, गटारीचं तोंड बुजवतो. बेळगाव शहरात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. मृगाच्या पहिल्या सरीला अंगणात तळं साचतं, त्याचं कारण पुष्कळदा पन्हळीत आणि गटारीत राहिलेला पाला हेच असतं.

म्हणून पाला गोळा करणं आणि बारीक करणं वळवाआधी, पन्हळी-गटारी मोकळ्या करणं मेअखेर, आणि गवत कापणं पाऊस सुरू झाल्यावर, असा क्रम ठेवला तर एकच काम दोनदा करावं लागत नाही.

परड्यातलं यंत्र

बाजारात ज्याला ब्लोअर म्हणतात, त्याच्या काही प्रकारांत वारा उलटा फिरवायची सोय असते. आतला पंखा हवा खेचतो, हवेबरोबर पाला नळीत शिरतो, पंख्याची पाती त्याचा चुरा करतात आणि तो मागच्या पिशवीत पडतो. उत्पादक सांगतात, दहा पिशव्या पाल्याचा चुरा एका पिशवीत मावतो. पाला कडकडीत वाळलेला असेल तरच हे खरं.

खरा फायदा जागा वाचण्यापेक्षा मोठा आहे. आंब्याचं, फणसाचं, नीलगिरीचं पान चिवट असतं. अख्खं टाकलं तर महिनोन्‌महिने तसंच राहतं. चुरा झाला की कडा वाढतात, ओल आत शिरते आणि जिवाणूंना कामाला तोंड मिळतं. मार्चमध्ये लावलेला ढीग वेळेवर ओला ठेवला, अधूनमधून वरखाली केला, तर पेरणीच्या सुमारास खत हाताशी येतं.

या यंत्राच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. फरशीवर आणि सिमेंटच्या वाटेवर ते उत्तम चालतं. बेळगावच्या तांबड्या मातीच्या अंगणात मात्र पाल्याबरोबर धूळ आणि जांभ्याची खडी खेचली जाते आणि खड्यानं पंख्याची पाती तुटतात. तिथं आधी दाताळ्यानं पाला फरशीवर ओढून घ्यावा, मगच यंत्र लावावं. तोंडाला मास्क हवा, कानात बोळे हवेत. आवाजाचा त्रास शेजाऱ्यांनाही होतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात तर २०२२ पासून पेट्रोलच्या ब्लोअरवर बंदी आहे. आपल्याकडं विजेवरचं यंत्र घेणं आणि भल्या पहाटे ते न लावणं, एवढं तरी पाळता येईल.

ज्यांच्याकडं गवत कापायचा ब्रश कटर आहे, त्यांना वेगळं यंत्र घ्यायची गरज नाही. मोठ्या पिंपात अर्ध्यापर्यंत सुका पाला भरून त्यात नायलॉन दोरीचं डोकं फिरवलं की चांगला चुरा होतो. डोळ्यांवर चष्मा लावावा आणि पात्याचं डोकं मात्र पिंपात घालू नये. ज्यांचं अंगण पाच-सहा खोल्यांएवढंच आहे त्यांना खराटा, दाताळं आणि बुट्टी पुरे.

चुरा झाल्यावर पुढचं काम सोपं. सुक्या पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, म्हणून नुसता पाला हळू कुजतो. तीन बुट्ट्या चुऱ्याला एक बुट्टी ओला माल घालावा: भाजीचे देठ, कापलेलं गवत, नाहीतर शेणकाला. ढीग तिन्ही बाजूंनी किमान तीन फूट असावा, म्हणजे आत ऊब धरते. मूठभर माल दाबल्यावर हात ओलसर व्हावा, पाणी मात्र टपकू नये. ढीग लावायला जागा नसेल तर तोच चुरा झाडांच्या आळ्यात तीन-चार इंच पसरावा. बुंध्यापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी लागते आणि खोड कुजतं.

कायदाही याच बाजूचा आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत रस्त्यावर वा मोकळ्या सार्वजनिक जागेत कचरा जाळायला मनाई केली गेली, आणि बागेतला पाला-फांद्या आपल्याच आवारात वेगळ्या ठेवायची जबाबदारी मालकावर टाकली गेली.

उसाच्या रानातलं पाचट

परड्यात बुट्ट्यांचा हिशेब असतो, रानात टनांचा. एक एकर ऊस तुटला की साधारण तीन ते चार टन पाचट मागं राहतं. एका टनात चार-पाच किलो नत्र, एक-दोन किलो स्फुरद आणि सात ते दहा किलो पालाश असतं, शिवाय सेंद्रिय कर्ब. काडी लावली की नत्र आणि कर्ब हवेत जातात. पालाश राखेत उरतं, पण ती राख वाऱ्यानं आणि पाण्यानं वाहून जाते. वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात. आणि वारा फिरला तर शेजाऱ्याचा उभा ऊस पेटतो.

खोडवा ठेवायचा असेल तर पाचट राखण्यासारखं दुसरं काही नाही. ऊस गेल्यावर पंधरवड्याच्या आत बुडखे जमिनीलगत छाटावेत आणि त्यांच्यावरचं पाचट बाजूला सरीत ओढावं, म्हणजे फुटवा मोकळा येतो. एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू, असं प्रमाण कृषी खातं सांगतं. हे टाकून पाणी द्यायचं. पाणी पुढं सरकत नाही अशी तक्रार असेल तर पाचट एक आड एक सरीत ठेवावं. झाकलेल्या सरीत ओल टिकते, तण कमी उगवतं आणि पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात.

पाचटाची कुट्टी करणारं यंत्र हे काम लवकर उरकतं. ट्रॅक्टरच्या मागं जोडलेल्या या यंत्रातली पाती पाचट बारीक करून जागच्या जागी पसरतात. पण मोठं कुट्टी यंत्र ओढायला मोठाच ट्रॅक्टर लागतो. मिनी ट्रॅक्टरला ते जोडलं तर इंजिन दमतं आणि काम अर्धवट राहतं.

मिनी ट्रॅक्टरला काय झेपतं

मग मिनी ट्रॅक्टर कशाला? त्याची खरी जागा दोन ओळींच्या मधली. उसाची सरी पूर्वी तीन फुटांची असायची, आता साडेचार-पाच फुटांची धरली जाते. एवढ्या पट्ट्यात छोटा ट्रॅक्टर शिरतो, आंतरमशागत करतो, बाळभरणी करतो, खोडव्याच्या बगला फोडतो. महिंद्राचा युवराज २१५ हा १५ अश्वशक्तीचा आहे. २०२१ मध्ये आलेला स्वराजचा कोड ११ अश्वशक्तीचा आणि जेमतेम तीन फूट रुंदीचा.

आंबा, चिकू, काजूची बाग असेल, किंवा अर्ध्या-एक एकराचं घराभोवतीचं रान असेल, तर हाच ट्रॅक्टर वर्षभर कामाला येतो. तीन फुटी रोटाव्हेटर, फवारणीचा पंप, माती ओढायची फळी आणि छोटी ट्रॉली, एवढी जोड पुरते. पाला भरून खड्ड्याकडं नेणं, शेणखत पसरणं, बांधावरची माती सारखी करणं ही कामं तो झाडांच्या फांद्यांखालून वाकून करतो. वजन कमी असल्यानं माती कमी दडपते, हा आणखी एक फायदा.

तरीही मातीची वेळ पाहावीच लागते. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात वाफसा आल्याशिवाय कोणताही ट्रॅक्टर घालू नये. ओल्या काळ्या मातीवरून हलकं चाक गेलं तरी चाकोरी घट्ट होते आणि पुढच्या पिकाची मुळं तिथं अडतात. बेळगावची तांबडी माती लवकर निथळते, पण उतारावर ती उकरून ठेवली तर पहिल्या पावसात वाहून जाते. तिथं पेरणीच्या तोंडावरच हलकी मशागत करावी.

विकत की भाड्यानं?

यंत्र घेण्याआधी वर्षातले तास मोजावेत. दहा गुंठ्यांच्या आवारात ट्रॅक्टरचं काम वर्षाकाठी थोड्या तासांचं असतं. उरलेले महिने तो गोठ्याशेजारी उभा राहतो, आणि उभ्या यंत्राची बॅटरी उतरते, रबर तडकतं, टाकीत ओल धरते. एवढ्यासाठी भाड्याचं यंत्र बरं. कर्नाटकात होबळीच्या पातळीवर कृषी यंत्रधारे केंद्रं आहेत, तिथं अवजारं भाड्यानं मिळतात. अनुदानाची चौकशी रयत संपर्क केंद्रात करता येते.

सीमाभागात एक गुंता नेहमी येतो. घर निपाणीत आणि रान कागल तालुक्यात, अशी कुटुंबं इथं पुष्कळ. त्यांनी ध्यानात ठेवावं की कर्नाटकाची योजना कर्नाटकातल्या उताऱ्यावर मिळते, आणि सातबाऱ्यावरच्या रानासाठी महाराष्ट्राच्या महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो. सगळ्यांत चांगला मार्ग म्हणजे चार-पाच घरांनी मिळून यंत्र घेणं. पाल्याचं काम सगळ्यांचं एकाच पंधरवड्यात येत असलं तरी एका परड्याला अर्धा दिवस पुरतो. वार वाटून घेतले की भागतं.

जीव आधी

ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, उपरणं, सैल बाही त्यात सापडली तर हात मागं घ्यायला वेळ उरत नाही. शाफ्टवरचं आवरण काढून ठेवू नये आणि अडकलेलं काढायला इंजिन बंद केल्याशिवाय जवळ जाऊ नये. मळणी यंत्रांतल्या अशाच अपघातांमुळं देशाला १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. ब्रश कटर चालू असताना पोरांना पन्नास फूट लांब ठेवावं. पात्याला लागलेला खडा गोळीसारखा उडतो.

साचलेल्या पाल्यात घोणस असू शकते. तिचा रंग सुक्या पानांत मिसळून जातो, आणि पावसाच्या तोंडावर तिची पिल्लंही बाहेर पडतात. जुन्या ढिगात हात घालू नये. आधी लांब दांड्याच्या दाताळ्यानं हलवावं, पायांत गमबूट असावेत. चावा झालाच तर ओढणी आवळणं, जखम कापणं असले उपाय न करता सरळ दवाखाना गाठावा.

यंत्राची निगाही याच काळजीचा भाग. पाल्याचा भुसा रेडिएटरच्या जाळीत बसतो आणि इंजिन तापतं, म्हणून रोज संध्याकाळी जाळी झाडावी. टू-स्ट्रोक यंत्रात पेट्रोल आणि तेलाचं प्रमाण कंपनीनं सांगितलं तेच ठेवावं, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करावी. खंडेनवमीला आपण अवजारं धुऊन-पुसून पुजतो. त्याच दिवशी पाती काढून धार लावली, गार्डचे नट आवळले, तर पूजा कामाचीही होईल.

बेळगावचं जुनं यंत्र

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ साली सायकलचं दुकान काढलं. पुढं १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, त्याआधी याच गावात त्यांनी शेतकऱ्यासाठी यंत्रं करायला सुरुवात केली. त्यांच्या पहिल्या यंत्रांत लोखंडी नांगराच्या जोडीनं कडबा कापायचं यंत्र होतं. लोखंडानं जमीन नासते, या भीतीनं लोक नांगर घ्यायला धजत नव्हते. कडबा कटरचं काम मात्र डोळ्यांसमोर दिसायचं: अख्खा कडबा जनावर अर्धा तुडवून टाकतं, बारीक केला की दावणीत काडी उरत नाही.

पाल्याचं आणि पाचटाचं तेच आहे. अख्खं पान मातीला लवकर पचत नाही, म्हणून ते अडचण वाटतं आणि आपण काडीपेटी शोधतो. बारीक करून दिलं तर माती ते सगळं खाते. जनावरांसाठी हे या गावाला शंभर वर्षांपूर्वी समजलं होतं. यंदा शिमग्याला होळीपुरता पाला बाजूला काढावा आणि बाकीचा कुट्टी करून मातीपुढं टाकावा.